पाच काळ्या गोट्या : एका कॅथॉलिक संघटनेची वार्षिक सभा

एखाद्या संघटनेची लोकशाही तपासावयाची झाली की आपण सहसा तिच्या निवडणुकीकडे पाहतो. अध्यक्ष कोण झाला, कोणत्या गटाने कोणाला पाडले, मते किती पडली, याची चर्चा होते. परंतु या निवडणुकीच्या आधी आणखी एक निवड होऊन गेलेली असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मतदारांच्या यादीत कोणाचे नाव असावे हे ठरविणारी ती निवड. जो सभासद नाही त्याला सभेत बसता येत नाही. सभेत बसता येत नाही म्हणून नियम बदलता येत नाही. आणि नियम बदलत नाही म्हणून सभासद होता येत नाही. हे वर्तुळ आपल्या वाचकांना नवे नाही. अमेरिकेतील एका बलाढ्य कॅथॉलिक संघटनेत ते कसे आखले गेले, आणि वार्षिक सभेच्या मार्गाने ते कितपत पुसले गेले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

संघटनेचे नाव 'नाइट्स ऑफ कोलंबस'. नाइट म्हणजे सरदार. नाव सरदारांचे असले तरी ती उभी राहिली गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या आयरिश स्थलांतरितांमध्ये. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी १८८२ साली मायकेल मॅकगिव्हनी या तिशीही न गाठलेल्या धर्मगुरूने ती स्थापन केली. मॅकगिव्हनी स्वतः कामगाराच्या घरचा. वडील वारले तेव्हा शिक्षण सोडून त्याला घरी परतावे लागले होते. कमावता पुरुष गेला की विधवेचे आणि लेकरांचे काय हाल होतात हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. त्या काळी विम्याची सोय बंधुसंघांमार्फत होत असे, पण त्यांतले पुष्कळसे फ्रीमेसनांच्या वळणाचे. आणि फ्रीमेसन संघात कॅथॉलिकांनी जाऊ नये असा पोपचा हुकूम १७३८ पासूनचा. म्हणून कॅथॉलिकांचा स्वतःचा बंधुसंघ हवा. कोलंबसाचे नाव घेण्यामागेही हिशेब होता. प्रॉटेस्टंट अमेरिका कॅथॉलिकांना परके, उपरे, पोपचे हस्तक समजत असे. या भूमीवर तुमच्या आधी आमचा माणूस उतरला होता, असे ठणकावून सांगणारे ते नाव होते. (त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्यांना यात कोणी विचारले नाही, हे ओघानेच आले.)

सुरुवातीची विमायोजना फार साधी होती. सभासद वारला की त्याच्या विधवेला एक हजार डॉलर मिळत, आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून एकेक डॉलर वर्गणी घेतली जाई. सभासद हजारावर गेले की वर्गणी त्या प्रमाणात उतरे. आजारी पडून काम बुडालेल्याला आठवड्याला पाच डॉलरपर्यंत, तेरा आठवडे. आपल्याकडच्या चाळीत कोणी वारले की कापडात रुपये गोळा करून घरच्यांच्या हाती देतात, त्याचेच हे लेखी आणि नियमबद्ध रूप. ही रचना नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण प्रवेशावर मतदान घेण्याची प्रथा अशा संघांत का रुजते हे तिच्यातून कळते. नवा येणारा माणूस धडधाकट आहे की खंगलेला, दारूडा आहे की संसारी, याच्याशी प्रत्येक जुन्या सभासदाचा एकेक डॉलर बांधलेला असतो. तेव्हा याला घ्यावे की नाही हे सर्वांना विचारणे वरकरणी रास्तच दिसते.

हे विचारणे गुप्त मतदानाने होई. पद्धत जुन्या बंधुसंघांकडून आलेली : पेटीत हात घालावयाचा आणि पांढरी किंवा काळी गोटी टाकावयाची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कोणाच्या मुठीतून कोणती गोटी सुटली हे शेजाऱ्यालाही कळू नये अशी सोय. आणि नियम असा, की पाच नकार निघाले की अर्ज फेटाळला. कारण सांगण्याची गरज नाही, अपील नाही. सभेला साठ जण असोत की दोनशे, पाच म्हणजे पाच. पंचावन्न जणांना एखादा उमेदवार मनापासून हवा असेल आणि पाच जणांना नको असेल, तर पाचांचे चालणार. याला बहुमताचे राज्य म्हणता येत नाही. हा मूठभरांचा नकाराधिकार झाला.

आता या संघटनेच्या निवडणुकांकडे वळू. त्या दिसावयास अगदी रीतसर आहेत. स्थानिक शाखेला 'कौन्सिल' म्हणतात. तिचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्याआधी पदाधिकाऱ्यांची निवडणूक उरकली जाते. ग्रँड नाइट म्हणजे अध्यक्ष. त्याखालोखाल उपाध्यक्ष, चान्सलर, इतिवृत्त लिहिणारा, खजिनदार, कायद्याचा सल्लागार, दारावरचे पहारेकरी आणि विश्वस्त. प्रत्येक कौन्सिलाचे दोन प्रतिनिधी वसंत ऋतूत भरणाऱ्या राज्य अधिवेशनाला जातात आणि तेथे राज्याचा प्रमुख निवडतात. राज्यांचे प्रतिनिधी ऑगस्टमध्ये भरणाऱ्या सर्वोच्च अधिवेशनाला जातात. हे अधिवेशन वर्षातून एकदाच भरते. संघटनेचे कायदे दुरुस्त करणे आणि संचालक मंडळ निवडणे ही दोन मुख्य कामे त्याच्याकडे. मात्र सर्वोच्च पदाधिकारी, म्हणजे 'सुप्रीम नाइट' आणि त्याचे सहकारी, यांना अधिवेशन थेट निवडत नाही. त्यांना संचालक मंडळ निवडते. शाखेतील सामान्य सभासदाच्या मताला वरपर्यंत पोचेतो तीन जिने चढावे लागतात. शाखेचा आर्थिक सचिवही शाखेने निवडलेला नसतो, त्याची नेमणूक सुप्रीम नाइट करतो. विम्याचा पैसा ज्याच्या हातून जातो त्याला मतांवर सोडावयाचे नाही, ही दक्षता. या बाबतीत संघटना फार हुशार होती असे म्हणावे लागेल.

म्हणजे वर तीन जिन्यांची निवडणूक आणि खाली दारात पाच गोट्यांची पेटी. एकीची सूत्रे न्यू हेवनच्या मुख्य कचेरीत. दुसरीवर कोणाचेच नियंत्रण नाही.

संघटनेच्या घटनेत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. अठरा वर्षांवरील कोणत्याही कॅथॉलिक पुरुषाने अर्ज करावा, असेच आज तिचा नियम म्हणतो, आणि काळ्या माणसाला घेऊ नये असे त्या घटनेने कधी म्हटले नाही. उत्तरेकडे तुरळक कृष्णवर्णीय सभासद घेतलेही गेले. परंतु दक्षिणेत तसे घडणे शक्य नव्हते, आणि त्यासाठी कोणाला तोंडातून एक शब्दही काढावा लागत नव्हता. पेटी बोलत असे. कागदावर समता आणि व्यवहारात बहिष्कार यांचे सहजीवन कसे चालते हे ज्यांनी आपल्या गावच्या पाणवठ्यावर पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. लिखित बंदी असली तर तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते, तिची होळी करता येते. अंधारात सुटलेल्या गोटीची होळी कशी करणार?

मग बाहेर राहिलेल्यांनी काय केले? अलाबामा राज्यातील मोबील या बंदरी ७ नोव्हेंबर १९०९ रोजी सात जणांनी मिळून 'नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर' ही कृष्णवर्णीय कॅथॉलिकांची संघटना स्थापन केली. चार जोसेफाइट धर्मगुरू आणि तीन सामान्य श्रद्धाळू. चौघा धर्मगुरूंपैकी जॉन हेन्री डॉर्सी हे स्वतः कृष्णवर्णीय. गिल्बर्ट फॉस्टिना पहिले सुप्रीम नाइट झाले. पीटर क्लेव्हर हा सतराव्या शतकातील स्पॅनिश जेझुइट. आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदरात गुलामांची जहाजे लागत, तेव्हा तळघरात उतरून अर्धमेल्या आफ्रिकनांची शुश्रूषा करणारा आणि त्यांना बाप्तिस्मा देणारा. १८८८ साली त्याला संतपद मिळाले. एका संघटनेने जहाजाच्या कप्तानाचे नाव घेतले. दुसरीने जहाजाच्या तळघरात उतरणाऱ्याचे.

नव्या संघटनेने रचना मात्र जवळजवळ तीच ठेवली : तेच सरदार, तशीच कौन्सिले, तशाच पदव्या, मृत्यूनंतरची तशीच मदत, तसेच वार्षिक अधिवेशन. एखाद्याला यात केवळ अनुकरण दिसेल. प्रस्थापितांनी हाकलले तर त्यांच्या वाड्याची छोटी प्रतिकृती कशाला बांधावयाची, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो आणि तो अगदीच गैरलागू नाही. तरी १९०९ चा अलाबामा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९०१ च्या राज्यघटनेने तेथे साक्षरतेच्या, मालमत्तेच्या आणि मतदानपट्टीच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपुष्टात आणला होता. ज्याला गव्हर्नर निवडता येत नव्हता, नगरपालिकेचा सदस्य निवडता येत नव्हता, तो माणूस वर्षातून एकदा आपल्या कौन्सिलात बसून ग्रँड नाइट निवडत होता. उमेदवाराचे नाव सुचविणे, अनुमोदन देणे, मते मोजणे, हरल्यावर पुन्हा खुर्चीवर येऊन बसणे, हिशेब मागणे, इतिवृत्तातली चूक दाखविणे, हे सारे तो येथे करीत होता. वर्षानुवर्षे केलेली ही तालीम वाया जात नाही. न्यू ऑर्लिअन्सचे ए. पी. ट्यूरो, ज्यांनी लुईझियानातील शाळांच्या विभक्तीकरणाविरुद्ध न्यायालयांत वर्षानुवर्षे झुंज दिली, ते याच संघटनेचे कार्यकर्ते होते. आणखी एक गोष्ट. पीटर क्लेव्हरच्या संघटनेत स्त्रियांची शाखा १९२२ मध्ये उभी राहिली. तिची स्वतःची मंडळे, स्वतःच्या निवडणुका, स्वतःची 'सुप्रीम लेडी'. कोलंबसाच्या सरदारांत स्त्रीला आजही सभासद होता येत नाही.

येथे कोलंबसवाल्यांवर एकतर्फी शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरे होणार नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी त्यांनी जी विश्रांतिगृहे चालविली त्यांत काळ्या सैनिकांनाही मुक्त प्रवेश होता. कू क्लक्स क्लान १९२० च्या दशकात फोफावली तेव्हा तिच्या द्वेषयादीत कृष्णवर्णीय आणि ज्यू यांच्या बरोबरीने कॅथॉलिक होते. ऑरेगनमध्ये कॅथॉलिक शाळा बंद पाडू पाहणारा कायदा झाला. त्याविरुद्धच्या लढ्याला या संघटनेने पैसा पुरविला, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्याच सुमारास तिने अमेरिकेच्या जडणघडणीत निरनिराळ्या वंशांनी काय भर घातली हे सांगणारी पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांपैकी कृष्णवर्णीयांवरील पुस्तक १९२४ मध्ये निघाले आणि त्याचे लेखक होते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस. ज्या डुबॉईसना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची चौकशी केली, तेच हे डुबॉईस. काळ्यांच्या थोरवीचा ग्रंथ ही संघटना स्वखर्चाने छापते आणि त्या ग्रंथातला माणूस तिच्या दक्षिणेतल्या दारात उभा राहिला तर पेटीतून काळ्या गोट्या निघतात! याला निव्वळ ढोंग म्हणून भागत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले तिचा स्वभावच असा. वरच्याची लाथ खाणारा खालच्यासाठी सहानुभूतीने लिहील, छापील, पैसाही देईल; आपल्या शेजारच्या खुर्चीचा प्रश्न आला की त्याचा हात पेटीत जाऊन वेगळेच काहीतरी करतो.

ही गोष्ट उघड्यावर आली ती १९६३ मध्ये. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांच्या प्रश्नावर बोलावलेल्या बैठकीला सुप्रीम नाइट ल्यूक हार्ट व्हाइट हाउसमध्ये गेले होते. हार्ट स्वतः कृष्णवर्णीयांना घ्यावे या मताचे. कौन्सिलांना तसे सांगतही असत. आणि काही महिन्यांतच एका कौन्सिलाने एका कृष्णवर्णीयाचा अर्ज फेटाळला. अर्जदार नोटर डेम या नामांकित कॅथॉलिक विद्यापीठाचा पदवीधर. शिक्षण, धर्म, चारित्र्य, कशावरच बोट ठेवता येत नव्हते, म्हणून कारण आपोआप उघडे पडले. त्या कौन्सिलाच्या सहा पदाधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले, आणि प्रकरण देशभरच्या वृत्तपत्रांत गेले.

या सहा राजीनाम्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. हे लोक सभासदांनी निवडून दिलेले होते. परंतु निवडून आलेला माणूस दारावरच्या पेटीपुढे हतबल होता. नकार देणारे कोण हे विचारण्याचाही अधिकार त्याला नव्हता. गुप्त मतदान ही दुर्बलाची ढाल आहे असे आपण मानतो, आणि जमीनदाराच्या, पाटलाच्या दहशतीखाली मत देणाऱ्यासाठी ती ढाल आहेच. पण तीच गुप्तता बलिष्ठाच्या हातात पडली की तिचा बुरखा होतो. दुर्बलाने गुप्तपणे मत दिले तर तो स्वतःला वाचवितो. येथे नकार देणाऱ्याला कोणापासून वाचावयाचे होते? फक्त स्वतःच्या नावापासून. नकाराला नाव नव्हते. त्या सहा जणांनी राजीनाम्यावर सही केली, तेव्हा या सगळ्या व्यवहारात पहिल्यांदा नावे आली.

प्रवेशाचा नियम पुढच्या सर्वोच्च अधिवेशनात बदलला जाईल असे हार्ट यांनी जाहीर केले. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी जॉन मॅकडेव्हिट आले. अधिवेशन ठरले होते न्यू ऑर्लिअन्सच्या रूझवेल्ट हॉटेलात. अगदी तोंडावर मॅकडेव्हिट यांना कळले की हे हॉटेल फक्त गोऱ्यांनाच उतरवून घेते. सर्व अधिवेशन दुसरीकडे हलवितो, असा दम त्यांनी भरला, तेव्हा हॉटेलने आपला नियम सोडला. नागरी हक्क कायद्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये सही झाली होती, हेही विसरू नये. भेदाचा नियम रद्द करण्यासाठी जमणारे लोक ज्या छपराखाली जमणार तेथेच भेद पाळला जात होता, आणि संयोजकांना आधी त्याची दाद नव्हती! ज्याला वगळले जाते त्याला हॉटेलाचा नियम आधी कळतो. ज्याला खोली मिळते त्याला तो विचारावा लागतो.

अधिवेशनाने नियम बदलला. हजर मतदारांपैकी एक-तृतीयांशापेक्षा कमी जण विरुद्ध असतील तर अर्ज फेटाळता येणार नाही, असे ठरले. मोठी सुधारणा झाली यात शंका नाही. साठांच्या सभेत पूर्वी पाच पुरत. आता वीस लागणार. पण थोडे गणित करून पाहावे. ज्या कौन्सिलाच्या सभेला पंधराच जण येतात तेथे एक-तृतीयांश म्हणजे पाचच! छोट्या गावातल्या, कमी हजेरीच्या कौन्सिलात १९६४ ची दुरुस्ती कागदावरच राहू शकत होती. १९७२ च्या अधिवेशनाने पुन्हा दुरुस्ती केली आणि नकारासाठी मतदारांचे बहुमत आवश्यक केले. (मुंबईत दलित पँथर जन्मली ते हेच साल. योगायोग खरा, पण दोन्हीकडच्या तरुणांना कशाची घाई झाली होती हे समजावयास उपयोगी.) संघटना स्थापन झाल्यापासून नव्वद वर्षांनी दारावरचा प्रश्न साध्या बहुमतावर आला. आणि बहुमतानेही भागते असे नाही. संपूर्ण कौन्सिलच एका मनाचे असेल तर बहुमताने नाकारलेला माणूस पूर्वीइतकाच बाहेर. फरक एवढाच, की आता ती जबाबदारी पाच निनावी मुठींवर ढकलता येत नाही. ती सबंध सभेची होते.

आपल्याकडे पाहावयाचे तर गोव्याकडे पाहावे. तेथील चर्चमधून 'कॉन्फ्रारिया' नावाचे बंधुसंघ पोर्तुगीज काळापासून आहेत. त्यांचे पदाधिकारी निवडले जातात, वर्षाचा हिशेब होतो, फेस्त साजरे होते. आणि कित्येक गावांत हे संघ जातवार वाटलेले राहिले : बामण, चारदो यांचे वेगळे, शूद्रांचे वेगळे, अंगावरच्या झग्यांचे रंगही वेगळे. फेस्ताचा मान कोणाचा, यावरून कुंकळ्ळीसारख्या गावांत गांवकर आणि इतर यांच्यात दीर्घकाळ वाद चालले आहेत. या दोन बंधुसंघांत एक फरक फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत काळ्या माणसाला दर वेळी मत टाकून नाकारावे लागत होते. मत होते म्हणून मताचा नियम होता. नियम होता म्हणून तो एका अधिवेशनात दुरुस्त करता आला. जेथे सभासदत्व जन्मानेच ठरते तेथे पेटीची गरज पडत नाही. तेथे नाकारलेला माणूस अर्जच करीत नाही, आणि अर्जच नसेल तर कोणत्या वार्षिक सभेत कोणती दुरुस्ती मांडावयाची?

आज नाइट्स ऑफ कोलंबसचे जगभर वीस लाखांच्या आसपास सभासद आहेत, विम्याचा व्यवहार अब्जावधी डॉलरांचा आहे, आणि सभासदत्वाचा अर्ज घरबसल्या संगणकावर भरता येतो. पूर्वी गुप्त असलेले दीक्षाविधी २०२० पासून कुटुंबीयांसमोर होऊ लागले. संस्थापक मॅकगिव्हनी यांना त्याच वर्षी चर्चने 'धन्य' घोषित केले. सर्वोच्च अधिवेशन अजूनही ऑगस्टमध्ये भरते आणि सुप्रीम नाइट अजूनही संचालक मंडळच निवडते.

१९६४ नंतर नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हरनी आपले दुकान आवरून मोठ्या घरात जावे, अशी अपेक्षा काहींची असू शकेल. ते गेले नाहीत. दार उघडले म्हणून पन्नासांहून अधिक वर्षे स्वतः चालविलेली सभा मोडण्याचे त्यांना कारण दिसले नाही. कोणत्याही वंशाच्या कॅथॉलिकाला तेथे सभासद होता येते. कचेरी न्यू ऑर्लिअन्सला आहे, म्हणजे ज्या शहरातल्या हॉटेलात कोलंबसच्या सरदारांना नियम बदलावा लागला त्याच शहरात. आणि त्यांचे अधिवेशन, त्यांच्या निवडणुका, त्यांच्या स्त्रियांची स्वतंत्र मंडळे, हे सारे दरवर्षी भरते.